परिपाठातला २५ नोव्हेंबर : मेजर रामस्वामी परमेश्वरन



आपण रोज परिपाठात दिनविशेष सांगतो. २५ नोव्हेंबरला फळ्यावर काय लिहितो ते आठवा. यशवंतराव चव्हाण यांची पुण्यतिथी, १९८४. दुसऱ्या दिवशी २६ नोव्हेंबर, म्हणजे संविधान दिन, आणि मुंबईवरच्या हल्ल्यात गेलेल्यांना श्रद्धांजली. या दोन मोठ्या दिवसांच्या गर्दीत २५ तारखेची दुसरी एक ओळ बहुतेक शाळांत राहूनच जाते. मेजर रामस्वामी परमेश्वरन, परमवीर चक्र, १९८७. मुंबईत जन्मलेला, मुंबईत शिकलेला आणि महार रेजिमेंटमध्ये अधिकारी झालेला हा माणूस. आजचा पाठ त्यांच्यावर आहे.

आधी एक कबुली देते. मी जव्हार-मोखाडा भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळीनंतर आमच्याकडे वर्ग अर्धा होतो, कारण बरीच मुलं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात. उरलेल्या मुलांना परिपाठात काहीतरी भारी सांगावं म्हणून एका वर्षी मी परमेश्वरन यांची गोष्ट सांगितली, पण सिनेमासारखी सांगितली. धाड धाड गोळ्या, शत्रू, छातीत गोळी, तरी शत्रूची बंदूक हिसकावली. मुलं एकदम खूश. मधल्या सुट्टीत मैदानात काठ्यांच्या बंदुका झाल्या आणि वर्गातला सगळ्यात गरीब मुलगा शत्रू झाला. तेव्हाच मला जरा खटकलं होतं. मग सुट्टीनंतर चौथीतल्या एका मुलीने विचारलं की बाई, ती लपून बसलेली माणसं कोणती भाषा बोलायची?

मला उत्तर माहीत होतं, पण मी ते गोष्टीत सांगितलंच नव्हतं. ती माणसं तमिळ बोलत होती. आणि परमेश्वरन यांच्या घरची भाषाही तमिळच होती.

हे एक वाक्य आत आलं की सगळी गोष्ट बदलते. म्हणून मी पुन्हा वाचायला बसले आणि आता ती जशी सांगते तशी इथे लिहिते आहे. तुम्हाला वर्गात वापरता येईल.

परमेश्वरन यांचा जन्म १३ सप्टेंबर १९४६ रोजी मुंबईत झाला. म्हणजे देशाच्या स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी. मुंबईत माटुंगा, सायन या भागात दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेली कितीतरी कुटुंबं राहतात. त्यांनी तिथे आपल्या शाळा काढल्या, देवळं बांधली, खानावळी चालवल्या. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी ही त्यातलीच एक संस्था, १९३२ पासूनची. परमेश्वरन याच संस्थेच्या शाळेत शिकले आणि १९६३ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण केलं. १९६८ मध्ये याच संस्थेच्या कॉलेजातून त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली.

इथे थोडं थांबून मुलांना सांगण्यासारखं आहे. घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी, शाळेत तिसरी. मुंबईतल्या अशा मुलांना हे नवीन नसतं. आणि आपल्याकडच्या मुलांना तरी कुठे नवीन आहे? माझ्या वर्गात कुणाच्या घरी वारली, कुणाच्या घरी कोकणा, कुणाच्या घरी कातकरी बोली. पुस्तकातली मराठी त्यांना शाळेत आल्यावर भेटते. परमेश्वरन यांच्याबद्दल मी आता सुरुवातच इथून करते. मुलांना तो माणूस लगेच आपल्यातला वाटतो.

पदवीनंतर ते सैन्यात गेले, पण एनडीएच्या रस्त्याने नाही. चेन्नईला अधिकारी प्रशिक्षणाची शाळा आहे. तिथे पदवीधर तरुणांना थोड्या मुदतीच्या सेवेसाठी तयार करतात. १९७१ मध्ये ते तिथे दाखल झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बांगलादेशचं युद्ध झालं. १६ जून १९७२ रोजी ते अधिकारी म्हणून बाहेर पडले, तेव्हा त्यांचं वय पंचविशी ओलांडलेलं होतं. लहानपणापासून लष्करी शाळेत घडलेला हा मुलगा नव्हता. साधा विज्ञानाचा पदवीधर, आपल्या आसपास असतात तसा.

त्यांना मिळालेली पलटण होती १५ महार.

आता महार रेजिमेंटबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. महार समाजातले शिपाई शिवाजी महाराजांच्या काळापासून किल्ल्यांवर आणि फौजेत होते. इंग्रजांच्या मुंबई फौजेतही ते मोठ्या संख्येने होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. (आपल्या पेशाचेच! हे मी प्रत्येक वेळी सांगते.) पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी लढवय्या जाती कोणत्या आणि बाकीच्या कोणत्या अशी यादी केली आणि महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा एक पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर काही वर्षांत ती मोडून टाकली. गरज असली की बोलवायचं आणि गरज संपली की घरी पाठवायचं. १९४१ मध्ये बाबासाहेब सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्यांनी हा प्रश्न लावून धरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. सुरुवातीला तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता.

पुढे स्वातंत्र्यानंतर ही रेजिमेंट एका जातीची राहिली नाही. देशाच्या सगळ्या भागांतून, सगळ्या जातिधर्मांची माणसं तिच्यात येऊ लागली. एका समाजाने झगडून मिळवलेलं दार नंतर सगळ्यांसाठी उघडं झालं, असं मी मुलांना सांगते. त्याच दारातून मुंबईचा हा तमिळ पदवीधर आत गेला. आणि महार रेजिमेंटला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्याच्याच नावावर आहे.

सैन्यातली पुढची पंधरा वर्षं मी थोडक्यात सांगते. १५ महारमध्ये त्यांनी आठ वर्षं काढली. नंतर ईशान्य भारतात मिझोराम आणि त्रिपुराच्या बाजूला त्यांनी काम केलं. तिथे समोर दुसऱ्या देशाचं सैन्य नसतं. डोंगर, दाट झाडी, छोटी गावं, आणि हत्यार घेतलेली माणसं गावकऱ्यांसारखीच दिसणारी. जवान त्यांना पॅरी साहेब म्हणत. असं नाव वरून हुकूम काढून मिळत नाही हे आपल्या शाळेतल्या लाडक्या शिक्षकांच्या टोपणनावांवरून तुम्हाला कळेलच.

म्हणजे १९८७ साल आलं तेव्हा ते एक्केचाळीस वर्षांचे, लग्न झालेले, दबक्या लढाईचा अनुभव असलेले मेजर होते. शूरवीराची गोष्ट सांगताना आपण नेहमी कोवळा तरुण डोळ्यांसमोर आणतो. इथे मात्र जवळजवळ आपल्या मुख्याध्यापकांच्या वयाचा माणूस आहे.

आता श्रीलंका. हा भाग मुलांना सांगायला सगळ्यात अवघड आहे आणि बहुतेक ठिकाणी तो गाळलेला दिसतो.

श्रीलंकेत सिंहली बोलणारे जास्त आणि तमिळ बोलणारे कमी. तमिळ लोक मुख्यतः बेटाच्या उत्तरेला आणि पूर्वेला राहतात. उत्तरेला जाफना नावाचा द्वीपकल्प आहे. आपल्या तमिळनाडूपासून मध्ये फक्त अरुंद समुद्र. भाषा, नोकऱ्या, शिक्षण यांवरून दोन्ही समाजांत वर्षानुवर्षं तणाव होता. १९८३ मध्ये तमिळांवर मोठे हल्ले झाले, हजारो लोक होड्यांतून भारतात आले. तमिळांचं वेगळं राज्य मागणाऱ्या हत्यारबंद संघटना वाढल्या. त्यातली सगळ्यात ताकदवान संघटना म्हणजे प्रभाकरनची एलटीटीई, तिलाच लिट्टे म्हणतात. सुरुवातीच्या काळात भारतानेच अशा काही संघटनांना मदत आणि प्रशिक्षण दिलं होतं. हे लपवून पुढे जाता येत नाही, कारण मोठी मुलं लगेच विचारतात की त्यांच्याकडे बंदुका आल्या कुठून.

२९ जुलै १९८७ रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्यात करार झाला. तमिळ संघटनांनी हत्यारं खाली ठेवायची, सरकारने तमिळ भागाला अधिकार द्यायचे आणि हे नीट होतंय ना ते बघायला भारताने सैन्य पाठवायचं. या सैन्याचं नाव होतं भारतीय शांतिसेना. दुसऱ्याच दिवशी, ३० जुलैला, ८ महार ही पलटण जाफन्याजवळ पलाली इथे उतरली. परमेश्वरन याच पलटणीत होते. मराठा लाइट इन्फंट्रीची पलटणही त्यांच्याच ब्रिगेडमध्ये होती. म्हणजे त्या उन्हाळ्यात जाफन्याच्या रस्त्यांवर मराठी बोलणारी कितीतरी पोरं उभी होती. त्या वेळी दिल्लीत लष्करप्रमुख होते जनरल सुंदरजी. तेही मूळ महार रेजिमेंटचेच.

सैन्य शांततेसाठी गेलं होतं. सुरुवातीला लोकांनी स्वागतही केलं. पण दोन महिन्यांत सगळं फिसकटलं. लिट्टेने हत्यारं पूर्ण दिली नाहीत, आणि ऑक्टोबरमध्ये भारतीय सैन्याला लिट्टेविरुद्धच लढायची वेळ आली. या मोहिमेला ऑपरेशन पवन म्हणतात. जाफना शहर ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत ताब्यात आलं, पण लढणारे शहरातून निघून आसपासच्या गावांत आणि रानात पांगले होते.

आता परमेश्वरन यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्या गावांत ते गस्त घालत होते तिथली भाषा त्यांच्या घरचीच होती. दारात बसलेली म्हातारी काय पुटपुटते ते कळत होतं. सोबतच्या बहुतेक जवानांना हे सगळं परकं, आणि त्यांना मात्र घरातलं. मला वाटतं, त्या चार महिन्यांचा सगळ्यात जड भाग हाच असणार. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी बनवून सांगत नाही. मुलांना मात्र विचारते की परक्या गावात कुणी तुमच्या आईच्या भाषेत बोललं तर कसं वाटेल? मोखाड्याहून भिवंडीकडे भट्टीवर जाऊन आलेली मुलं याचं उत्तर फार छान देतात.

जाफन्याचा प्रदेश सपाट आहे. ताडाची झाडं सगळीकडे, आपल्या पालघरच्या किनाऱ्याला असतात तशीच. घरांना, वाड्यांना झावळ्यांची उंच कुंपणं आणि त्यांच्यामधून अरुंद गल्ल्या. दिवसासुद्धा कुंपणापलीकडचं दिसत नाही.

२४ नोव्हेंबर १९८७. उडुविल इथे ८ महारचा तळ होता. कंदरोडै नावाच्या गावाजवळ एका घरात हत्यारं उतरवली जात असल्याची बातमी आली. आधी एक छोटी तुकडी बघायला गेली, तिच्यावर गोळीबार झाला आणि समोरची संख्या वाटली होती त्यापेक्षा जास्त असल्याचं कळलं. तेव्हा मेजर परमेश्वरन आपले जवान घेऊन रात्रीच निघाले. घराला वेढा घातला, झडती घेतली, पण हत्यारांचा साठा काही हाती लागला नाही.

आणि मग परतीची वाट.

इथे मी वर्गात थांबते आणि अॅम्बुश म्हणजे काय ते समजावते. मराठीत आपण दबा धरून केलेला हल्ला म्हणतो. आमच्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. वरई-नाचणीच्या शेतात रात्री माळ्यावर बसून राखण करणारी मुलं आहेत ती. डुक्कर कुठून येणार, वारा कुठून वाहतो, आपण कुठे बसलो तर ते आपल्याला बघणार नाही, हे सगळं त्यांना पाठ. दबा धरणारा जागा निवडतो, वेळ निवडतो, पळायची वाटही आधीच ठरवून ठेवतो. चालत येणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नसतं. त्यातून परतीची वाट म्हणजे अंग थकलेलं, रात्रभराचं जागरण, काम झालं म्हणून मन जरा सैल. शाळेच्या सहलीतसुद्धा मुलं पडतात, हरवतात ती येताना. (निदान माझ्या अनुभवात तरी!)

दबा धरून गोळीबार सुरू झाला की पहिल्या काही क्षणांत काय होतं? अंग आपोआप जमिनीला चिकटतं. पण गोळीबार नेमका त्याच जमिनीवर आखलेला असतो. पडून राहिलात तर तिथेच अडकलात. मागे पळालात तर मागची वाटही बहुतेक धरलेली असते. म्हणजे तुमचं शरीर ज्या दोन गोष्टी करायला सांगतं, त्या दोन्ही चुकीच्या.

२५ नोव्हेंबरच्या त्या रात्री परमेश्वरन यांनी तिसरी गोष्ट केली. ते वळसा घालून हल्लेखोरांच्या पाठीमागे गेले.

ऐकायला सोपं वाटतं ना? मी मैदानात खडूने आखून दाखवते. एका बाजूला लपलेले, मध्ये वाटेवर सापडलेले. लपलेल्यांचं सगळं लक्ष पुढे वाटेकडे, बंदुकांची तोंडंही पुढेच. पाठ उघडी. कारण वाटेत सापडलेला माणूस उठून आपल्या मागे येईल असा विचारच कुणी करत नाही. पण पाठीमागे जायचं तर आधी गोळीबारातून उठायला लागतं. अंधारात, अनोळखी झाडीत, आपली माणसं कुठे आणि त्यांची कुठे याचा अंदाज डोक्यात ठेवायला लागतो. आणि सोबतच्या जवानांनी आपल्यामागे यावं इतका त्यांचा आपल्यावर भरवसा असावा लागतो. हा भरवसा त्या रात्री तयार झाला नव्हता. मिझोराम-त्रिपुरातल्या वर्षांत, आणि जाफन्यातल्या चार महिन्यांत तो जमा झालेला होता. या एका कारणासाठी मी वरची कंटाळवाणी वाटणारी पंधरा वर्षं गाळत नाही.

मागून अचानक हल्ला झाल्यावर लपलेले गोंधळले. हातघाईची लढाई सुरू झाली, म्हणजे एका वितीवर माणसाला माणूस भिडला. त्या झटापटीत एकाने परमेश्वरन यांच्या छातीत गोळी झाडली. त्यांनी त्याच्याच हातातली रायफल हिसकावून घेतली आणि त्याला ठार केलं. मग जबर जखमी अवस्थेत, प्राण जाईपर्यंत ते जवानांना हुकूम देत राहिले.

पाच हल्लेखोर मारले गेले. तीन रायफली आणि दोन रॉकेट लाँचर हाती आले. वाट मोकळी झाली.

परमवीर चक्राच्या मानपत्रात एवढंच आहे आणि मी वर्गात एवढंच सांगते. या प्रसंगाची पुष्कळ रंगवलेली वर्णनं तुम्हाला सापडतील. कुठे आधी हाताला गोळी लागल्याचं असतं, कुठे त्यांच्या तोंडी लांबलचक वाक्यं घातलेली असतात. कृपा करून ती वाक्यं मुलांकडून भाषणात पाठ करून घेऊ नका. छातीत गोळी लागलेला माणूस भाषण करत नाही. तो कुणी डावीकडे जायचं, जखमींना कुणी उचलायचं असं काहीतरी सांगत असणार.

आता तो रायफल हिसकावण्याचा क्षण. पहिल्या वर्षी मी सगळा जोर तिथेच दिला होता आणि मुलांनीही तोच खेळ केला. आता माझा जोर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींवर असतो. आधी, सगळे आडवे झालेले असताना कुठल्या बाजूने जायचं हे ठरवणं. नंतर, स्वतः मरत असताना दुसऱ्यांकडे लक्ष असणं. मधली झटापट शूरपणाची आहेच, पण तिथे विचाराला वेळ नव्हता. विचार आधी करून झाला होता.

आणि समोरचा कोण होता? चौथीच्या वर्गात हा प्रश्न टाळता आला असता. पण त्या मुलीने विचारलाच होता. मी सांगितलं की तोही बहुतेक आसपासच्या गावातलाच कुणीतरी तरुण असेल, त्याच्याही घरी कुणी वाट बघत असेल, आणि त्याला वाटत होतं की तो त्याच्या लोकांसाठी लढतोय. मग मेजर साहेबांनी त्याला का मारलं, असं पुढचं. मी म्हटलं, त्यांच्यामागे त्यांचे जवान होते आणि त्या जवानांना जिवंत परत न्यायची जबाबदारी त्यांची होती. यापेक्षा चांगलं उत्तर अजून मला सुचलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. एवढं मात्र झालं की त्यानंतर मैदानात तो खेळ झाला तेव्हा शत्रू कोण होणार यावरून कुणी गरीब मुलाला पुढे ढकललं नाही. आळीपाळीने झाले.

मेजर परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झालं. हे युद्धातलं आपलं सर्वोच्च पदक. आजवर फक्त २१ जणांना मिळालंय, त्यातल्या १४ जणांना मृत्यूनंतर. श्रीलंकेतल्या संपूर्ण मोहिमेत हे पदक मिळालेले ते एकटेच. पदकाची एक गोष्ट मुलांना फार आवडते. ते घडवलं सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने त्या युरोपातल्या, पण विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झाल्या. संस्कृत आणि पुराणांचा त्यांचा अभ्यास होता. म्हणून साध्या काशाच्या त्या गोल पदकावर चार बाजूंना इंद्राची वज्रं आहेत. आमच्या मुलांनी वारली चित्रांच्या चौकटीत ते काढलं होतं, वज्राचं टोक काही जमेना, मग त्रिकोण जोडून केलं.

शांतिसेना मार्च १९९० मध्ये परत आली. साधारण बाराशे भारतीय सैनिक तिथे मरण पावले होते. युद्ध जिंकलं म्हणावं तर तसं नाही, आणि कोणत्या कामासाठी इतकी माणसं गेली यावर आजही मोठमोठ्या माणसांत वाद आहेत. परत आलेल्या सैनिकांचं १९७१ सारखं स्वागत झालं नाही. कारगिलच्या वीरांची नावं मुलांना पाठ असतात, टीव्हीमुळे आणि सिनेमांमुळे. जाफन्यातल्यांची नसतात. आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या गावात शांतिसेनेत जाऊन आलेले निवृत्त जवान असतील तर त्यांना शाळेत जरूर बोलवा. शौर्याचं भाषण द्या म्हणून मागे लागू नका. तिथे खायला काय मिळायचं, पत्र किती दिवसांनी यायचं, असं मुलांना विचारू द्या. ते आपोआप बोलायला लागतील.

श्रीलंकेने कोलंबोजवळ श्री जयवर्धनेपुरा कोट्टे इथे शांतिसेनेचं स्मारक बांधलं. काळ्या दगडावर तिथे गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. चेन्नईत लष्करी अधिकाऱ्यांच्या एका वसाहतीला परमेश्वरन विहार असं नाव आहे. आणि २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधल्या २१ बेटांना परमवीर चक्र मिळालेल्या २१ जणांची नावं दिली गेली, त्यात एक बेट त्यांचं आहे.

वर्गासाठी थोडं. पाचवीच्या आतल्या मुलांना लिट्टे, करार वगैरे तपशील नको. नकाशा मात्र हवाच. भारताच्या नकाशावर मुंबई, बेळगाव, चेन्नई, ऐझॉल, आगरताळा आणि समुद्रापलीकडे जाफना असे सहा ठिपके काढून द्या. एका माणसाचं आयुष्य आणि त्याच्या पलटणीचा इतिहास त्यातून सांगता येतो आणि भूगोलही होतो. सहावी-सातवीला महार रेजिमेंटचा भाग इतिहासाला जोडून घ्या. बेळगावचा ठिपका का काढला हे मुलांनाच शोधू द्या.

आमच्याकडे हा नकाशा आता वर्गाच्या भिंतीवर आहे. जव्हारचा ठिपका मी काढला नव्हता, कारण गोष्टीत त्याचं काही काम नाही. पण भट्टीवरून होळीला परत आलेल्या एका मुलाने तो आपणहून काढला, आणि तिथून जाफन्यापर्यंत पट्टी लावून अंतर मोजत बसला. प्रमाण कसं वापरायचं ते अजून शिकवलेलं नाही. पुढच्या आठवड्यात घेते.